खाटेच्या कठड्यावरची परीक्षा मागा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण, मुंबई

महोदय,


राज्यातल्या सरकारी रुग्णालयांसाठी औषधे, उपकरणे आणि इतर साहित्य घेण्याचे काम पूर्वी हाफकिन महामंडळामार्फत होत असे. २०२३ च्या कायद्याने ते आपल्या प्राधिकरणाकडे आले. या लांबलचक यादीत एक वस्तू अशी आहे की तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे फरशी, खाटा, लॉकर, सलाइनचे स्टँड आणि ट्रॉल्या पुसायचे जंतुनाशक. इंजेक्शन निकृष्ट निघाले तर डॉक्टर तक्रार करतात, व्हेंटिलेटर बंद पडला तर वर्तमानपत्रात बातमी येते. जंतुनाशक कुचकामी निघाले तर कुणाला पत्ताही लागत नाही. वॉर्डात वास दरवळतो, फरशी चमकते, रजिस्टरवर सही होते. चार-सहा दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या जखमेत पू होतो, तेव्हा त्या पुवाचा आणि त्या कॅनचा संबंध कुणी जोडत नाही.

मी वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत नोकरी केली, संसर्ग नियंत्रण समित्यांवर काम केले आणि निविदांच्या तांत्रिक छाननीलाही बसले. त्या सगळ्यातून मनात पक्की झालेली मागणी मी या पत्रातून आपल्यासमोर मांडते आहे. जे द्रावण पृष्ठभागावर वापरायचे आहे, त्याची परीक्षा पृष्ठभागावर झाल्याचा पुरावा पुरवठादाराकडे मागा. तो नसेल तर दर कितीही कमी असला तरी ते द्रावण घेऊ नका.

छाननीच्या टेबलावर येणारे चाचणी अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेकांत एक तक्ता असतो, खाली शिक्का असतो आणि निष्कर्ष लिहिलेला असतो की अमुक उत्पादन ९९.९ टक्के जंतू मारते. कुठे मारले, कशात मारले, किती वेळात मारले, कितपत घाणीत मारले, हे शोधायला गेले की बहुतेक वेळा कळते की ही चाचणी परीक्षानळीत झाली आहे. अशा चाचणीत जंतू पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्यावर भरपूर द्रावण ओतले जाते. युरोपच्या ईएन १३७२७ या मानकात प्रमाण असे असते: १ मिलिलिटर जंतूंचे मिश्रण, १ मिलिलिटर घाण म्हणून घातलेली प्रथिने आणि ८ मिलिलिटर जंतुनाशक. जंतूला चारही बाजूंनी औषधाने वेढलेले असते. वॉर्डातल्या कठड्यावर यातले काहीच नसते. तिथे जंतू वाळलेल्या घामात, लाळेत, रक्ताच्या डागात चिकटून बसलेले असतात. त्यांच्यावरून ओल्या फडक्याचा एक हात फिरतो आणि मागे राहिलेला ओलावा पंख्याखाली पाहता पाहता उडून जातो.

ही नळीतली चाचणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. ती पहिली पायरी आहे. जे द्रावण नळीतही नापास होते ते कठड्यावर पास होण्याचा प्रश्नच नाही. युरोपात ईएन १४८८५ हे मानक या सगळ्या पायऱ्या नीट लावून देते. आधी द्रावणात मारकशक्ती आहे का हे पाहायचे. मग प्रत्यक्ष वापराशी मिळतीजुळती घाण घालून नळीत परीक्षा घ्यायची. त्यानंतर जंतू पृष्ठभागावर वाळवून परीक्षा घ्यायची. आपल्याकडे दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचलेला अहवालसुद्धा चांगला समजला जातो आणि तिसरी पायरी तर कुणी मागतच नाही. पुरवठादाराला दोष देऊन उपयोग नाही. जे मागितलेले नाही त्यासाठी तो खर्च का करील?

तिसऱ्या पायरीवर नेमके काय होते, ते थोडे तपशिलात सांगते, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. ईएन १६६१५ हे २०१५ चे मानक पुसण्याच्या क्रियेसाठी आहे. फरशीला लावतात तसल्या पीव्हीसीची एक पट्टी घेतात. तिच्यावर एका ओळीत ५ सेंटिमीटर बाजूचे चार चौकोन आखतात. पहिल्या चौकोनावर जंतू टाकून वाळवतात, बाकीचे तीन स्वच्छ ठेवतात. मग जंतुनाशकात भिजवलेले फडके सुमारे अडीच किलोच्या ग्रॅनाइटच्या ठोकळ्याला गुंडाळतात आणि तो ठोकळा पहिल्या चौकोनावरून चौथ्यापर्यंत नेऊन परत आणतात. माणसाच्या हाताचा दाब दर वेळी सारखा नसतो, म्हणून तो ठोकळा. ठरलेला वेळ झाला की चारही चौकोनांवरचे जिवंत जंतू मोजतात. पहिल्या चौकोनावर जिवाणूंची संख्या लाख पटींनी घटली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेल्या तीन चौकोनांवर सरासरी ५० पेक्षा जास्त जंतू सापडता कामा नयेत. तीच क्रिया साध्या पाण्यानेही करून पाहतात आणि तेव्हा जंतू पुढच्या चौकोनांवर पसरलेले दिसतात. पसरले नाहीत तर चाचणीच ग्राह्य धरत नाहीत.

महोदय, या चार चौकोनांत आपल्या वॉर्डांची सगळी गोष्ट आहे. पहिला चौकोन म्हणजे संसर्ग झालेल्या रुग्णाची खाट आणि पुढचे तीन म्हणजे त्याच फडक्याने पुसल्या गेलेल्या पुढच्या तीन खाटा. द्रावण कमजोर असेल तर फडके जंतू मारत नाही, ते वाटत जाते. हे परीक्षानळी कधीच दाखवू शकत नाही, कारण नळीत फडके नसते.

आता ते ९९.९ टक्के. आकडा ऐकायला भारदस्त वाटतो. एका डागात १ कोटी जिवाणू असतील तर ९९.९ टक्के मेल्यावर १० हजार शिल्लक राहतात. रुग्णालयात वापरायच्या द्रावणाकडून ९९.९९९ टक्क्यांची, म्हणजे पाच लॉग घटीची अपेक्षा असते. ती पूर्ण झाली तर त्याच १ कोटींतले १०० उरतात. दशांश चिन्हापुढच्या त्या दोन नवांनी शंभरपट फरक पडतो. निविदेत टक्के न लिहिता लॉग घट लिहायला सांगितली तर अर्ध्याहून अधिक दिशाभूल तिथेच थांबेल.

अहवाल वाचताना मी सगळ्यांत आधी पाहते तो भाग शेवटच्या पानावर असतो आणि पुष्कळ अहवालांत तो नसतोच. तो म्हणजे उदासिनीकरणाचा पुरावा. जंतुनाशकाचा वेळ संपला की त्याची क्रिया तत्काळ थांबवावी लागते. क्लोरीन असेल तर सोडियम थायोसल्फेट घालतात, इतर रसायनांना लेसिथिन, पॉलिसॉर्बेट अशी द्रव्ये लागतात. ती घातली नाहीत, तर नमुन्याबरोबर थोडे जंतुनाशक संवर्धनाच्या थाळीत जाते आणि तिथे जंतूंची वाढ दडपून ठेवते. थाळी कोरी दिसते. तपासनीस लिहितो, सगळे जंतू मेले. खरे तर ते जिवंत असतात, त्यांना फक्त वाढू दिलेले नसते.

या चुकीला मोठा इतिहास आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये रेशमाच्या धाग्यांवर अँथ्रॅक्सचे बीजाणू वाळवून अनेक जंतुनाशके तपासली. वाळवलेल्या जंतूंवर परीक्षा घेण्याची ही पद्धत इतकी जुनी आहे. त्या काळी कार्बॉलिक ॲसिडचा मोठा बोलबाला होता, पण बीजाणूंपुढे ते फिके पडले आणि पाऱ्याचा क्लोराइड सरस ठरला. १८८९ मध्ये गेपर्ट यांनी त्याच पाऱ्याची क्रिया अमोनियम सल्फाइडने थांबवली आणि मेलेले समजले गेलेले बीजाणू पुन्हा वाढले. कॉख यांच्यासारख्या माणसालाही धाग्याबरोबर थाळीत गेलेल्या पाऱ्याने चकवले होते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे माहीत असताना आज आपल्या टेबलावर उदासिनीकरणाचा उल्लेखही नसलेला अहवाल यावा आणि तो मंजूर व्हावा, याचे मला फार वाईट वाटते.

गेपर्ट यांच्या त्या प्रयोगानंतर आठ वर्षांनी मुंबई प्लेगने हवालदिल झाली होती. घरोघरी भिंती-जमिनींवर कार्बॉलिक ॲसिड आणि तोच पाऱ्याचा क्लोराइड फवारला गेला, भिंतींना चुना काढला गेला, गटारे धुतली गेली. लोकांच्या घरात शिरून केलेल्या या कामाने मुंबई-पुण्यात किती संताप उसळला हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण हा फवारा रोग थांबवतो का, हे मोजण्याची व्यवस्था कुणी केली नव्हती. रोग उंदरांवरच्या पिसवांतून येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले आणि भिंतीवरच्या फवाऱ्याचा मूळ कारणाशी संबंध नव्हता हे पुढे स्पष्ट झाले. त्याच मुंबईत, त्याच साथीत वाल्देमार हाफकिन लस तयार करत होते. त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना लस दिली, काहींना दिली नाही आणि दोन्ही गटांत किती जण आजारी पडतात ते मोजले. एका शहरात एकाच वर्षी दोन उपाय चालू होते. एकाची तुलना करून परीक्षा झाली, दुसऱ्यावर नुसता विश्वास ठेवला गेला. हाफकिन यांच्या नावाच्या संस्थेकडून खरेदीचा वारसा घेतलेल्या आपल्या प्राधिकरणाने यातला पहिला मार्ग धरावा असे मला मनापासून वाटते.

आपल्या देशातली जंतुनाशकांची कायदेशीर चौकट मात्र बरीच जुनी आहे. फिनाईलच्या डब्यावर जो आरडब्ल्यू गुणांक छापलेला असतो तो रिडील आणि वॉकर यांनी १९०३ मध्ये सुचवलेल्या चाचणीचा. टायफॉइडचे जंतू द्रवात ठेवायचे, औषधाच्या वेगवेगळ्या विरलता घ्यायच्या आणि ५ मिनिटांत न मरणारे पण साडेसात मिनिटांत मरणारे जंतू कोणत्या विरलतेला दिसतात ते पाहून फिनॉलशी तुलना करायची. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ओ मध्ये काळ्या आणि पांढऱ्या फिनाईलच्या श्रेणी याच गुणांकावर ठरतात. पहिल्या श्रेणीला १८, दुसरीला १०, तिसरीला ५. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १०६१ सुद्धा याच गुणांकाचा आधार घेते. ज्या काळात नळाच्या पाण्यातून टायफॉइड पसरत होता त्या काळासाठी ही चाचणी योग्य होती. आज अतिदक्षता विभागात आम्ही ज्यांच्याशी झुंजतो ते असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, कँडिडा ऑरिस टायफॉइडच्या जंतूसारखे वागत नाहीत. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्महिने जिवंत राहतो. कँडिडा ऑरिसला क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली पुष्कळ द्रावणे दाद देत नाहीत. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलच्या बीजाणूंना अल्कोहोल काहीच करू शकत नाही. फिनॉलच्या अठरापट ताकद आहे म्हणजे या सगळ्यांवर चालेल, असा अर्थ त्या आकड्यातून निघत नाही. फिनाईल शौचालयाच्या फरशीला वापरा, हरकत नाही. रुग्णाच्या हाताशी असलेल्या कठड्यासाठी त्या गुणांकावर खरेदी करणे मला मान्य नाही.

मानके बदलता येतात हे अमेरिकेने दाखवले आहे. तिथे वर्षानुवर्षे पोलादाच्या छोट्या पोकळ नळकांड्यांवर जंतू चिकटवून, त्या औषधात बुडवून चाचणी होत असे. पण त्या नळकांड्यांवर किती जंतू चिकटले हे नीट मोजता येत नसे आणि निकाल दर वेळी वेगळा येई. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात सय्यद सत्तार आणि सुसान स्प्रिंगथॉर्प यांनी पोलादाच्या १ सेंटिमीटरच्या चकत्यांवर १० मायक्रोलिटर जंतुमिश्रण वाळवण्याची पद्धत बसवली. त्यातल्या प्रत्येक जंतूचा हिशेब लागतो. पुढे ती अमेरिकेच्या एएसटीएम या मानकसंस्थेचे ई२१९७ मानक झाली आणि २०१३ च्या ओईसीडीच्या मार्गदर्शनातही आली. या चाचणीला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. चकत्या, पिपेट, इन्क्युबेटर आणि शिस्तीने काम करणारा माणूस एवढे पुरते. राज्यातल्या कितीतरी वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत यातले बहुतेक आजही आहे.

आता वॉर्डात या. सकाळी सातच्या सुमारास मावशी बादली भरतात. बादलीत टोपणाने अंदाजे मापून द्रावण ओततात. पाणी बोअरचे, आणि मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे ते इतके कठीण असते की साबणाला फेस येत नाही. क्वाटर्नरी अमोनियमची ताकद अशा पाण्यात कमी होते. फडके सुती असते आणि सुती धागा हेच रसायन स्वतःला चिकटवून घेतो, त्यामुळे बादलीत ओतलेले सगळे औषध कठड्यापर्यंत पोहोचत नाही. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) असेल तर बादलीत पडणारे रक्त, कफ, मळ क्लोरीन खाऊन टाकतात. ब्लीचिंग पावडरचे पोते तोंड उघडे राहून कोकणच्या दमट हवेत पडले असेल तर त्यातला क्लोरीन आधीच उडालेला असतो. लेबलवर लिहिलेले असते, १० मिनिटे ओले ठेवा. मे महिन्यातल्या चंद्रपुरात पंख्याखालचा लोखंडी कठडा मिनिटाभरात कोरडा होतो. या मावशींना कुणी दोष देऊ नये. त्यांनी सांगितले तसेच केले आहे. द्रावण निवडताना त्यांचे पाणी, त्यांचे फडके, त्यांचा उन्हाळा कुणी विचारात घेतला नाही, हा दोष निवडणाऱ्यांचा आहे.

म्हणूनच ईएन मानकांतली घाणीची अट मला मोलाची वाटते. स्वच्छ परिस्थितीसाठी लिटरमागे ०.३ ग्रॅम प्रथिन आणि अस्वच्छ परिस्थितीसाठी ३ ग्रॅम प्रथिन अधिक मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी. अपघात विभाग, प्रसूतिगृह, जळित वॉर्ड यांसाठी अस्वच्छ परिस्थितीतलाच निकाल धरावा. वेळेचीही अट हवी. रुग्ण आणि कर्मचारी ज्यांना सतत हात लावतात अशा पृष्ठभागांसाठी युरोपीय चौकटीत ५ मिनिटांची कमाल आहे. आपल्या हवेत त्याहूनही कमी वेळात काम करणारे द्रावण मिळाले तर उत्तमच. ६० मिनिटांत पाच लॉग घट दाखवणारा अहवाल कठड्याच्या खरेदीसाठी रद्दीत टाकावा.

यंत्रांबद्दल दोन शब्द अधिक कडक लिहिते. कोविडच्या काळात जंतुनाशन बोगदे उभे राहिले, माणसांवर हायपो फवारले गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये हे करू नका असे सांगितले, जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यात खोल्यांत सर्रास फवारणी करण्याऐवजी पुसण्याचा सल्ला दिला आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला या बोगद्यांबाबत निर्देश काढायला सांगावे लागले. त्या बोगद्यांवर गेलेला पैसा परत येणार नाही. पण त्याच वृत्तीने फॉगर आणि यूव्ही यंत्रे अजून विकली जातात. अतिनील किरण २५४ नॅनोमीटरच्या आसपास जंतूंना मारतात यात शंका नाही. ते सरळ रेषेत जातात, खाटेच्या खालच्या बाजूला, मॉनिटरच्या मागे, कठड्याच्या सावलीत पोहोचत नाहीत. अंतर दुप्पट झाले की मात्रा साधारण चौथाईवर येते आणि ट्यूब जुनी झाली की ती दिसायला तशीच जांभळी दिसली तरी तिची ताकद उतरलेली असते. ब्रिटनने या यंत्रांसाठी २०२२ मध्ये बीएस ८६२८ आणले. हवेतून सोडल्या जाणाऱ्या रसायनांसाठी युरोपात २०२० पासून ईएन १७२७२ आहे. त्यात यंत्रापासून दूर, खोलीच्या कोपऱ्यांत ठेवलेल्या नमुन्यांवरही परिणाम दाखवावा लागतो. यापैकी काहीही न दाखवता आलेले यंत्र, ते कितीही चकचकीत असो, घेऊ नये. आणि शस्त्रक्रियागृहांत फॉर्मेलिन व पोटॅशियम परमँगनेटची धुरी देण्याची जुनी सवय आता मोडायलाच हवी. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. ओटीतले कर्मचारी ते हुंगत राहिले आहेत.

काही जण म्हणतील की पृष्ठभागांचे एवढे काय घेऊन बसलात, कोविड तर हवेतून पसरतो असे निघाले. ते बरोबर आहे. अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शाने कोविड होण्याची शक्यता साधारण १० हजारांत एकाहून कमी आहे. पण रुग्णालयातले जिवाणू म्हणजे कोविडचा विषाणू नव्हे. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की अतिदक्षतेच्या ज्या खोलीत आधी एमआरएसए किंवा व्हीआरई (प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू) असलेला रुग्ण होता, त्या खोलीत पुढे आलेल्या रुग्णाला तेच जंतू लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होती. ऑस्ट्रेलियातल्या ११ रुग्णालयांत सफाईचे प्रशिक्षण, योग्य द्रावण, तंत्र आणि तपासणी एकत्र आणल्यावर व्हीआरईचे संसर्ग ३७ टक्क्यांनी घटले. हेही सांगायला हवे की त्याच अभ्यासात स्टॅफिलोकॉकसच्या रक्तसंसर्गांत लक्षणीय फरक पडला नाही. सफाई हा सर्व रोगांवरचा उपाय नाही. पण जिथे ती उपयोगी आहे तिथे ती अर्धवट ठेवण्याला कारण नाही.

त्या ऑस्ट्रेलियन अभ्यासातला एक भाग आपल्या खरेदीशी थेट जोडलेला आहे. पुसले गेले की नाही हे पाहण्यासाठी तिथे अदृश्य जेलचे ठिपके वापरले होते. अमेरिकेत फिलिप कार्लिंग यांनी ही पद्धत रुजवली. कठड्यावर, नळावर, बेलच्या बटणावर, दाराच्या मुठीवर पारदर्शक जेलचा ठिपका लावायचा. डोळ्यांना दिसत नाही, जांभळ्या टॉर्चखाली चमकतो. दुसऱ्या दिवशी टॉर्च मारून पाहायचे. कार्लिंग यांना अमेरिकेतल्या रुग्णालयांत सरासरी निम्म्याच्या आसपासच ठिपके पुसलेले आढळले. जिथे हात पोहोचलाच नाही तिथे उत्तमातले उत्तम द्रावणही काही करू शकत नाही. म्हणून द्रावणाच्या प्रत्येक ऑर्डरबरोबर क्लोरीन किंवा क्वाटर्नरी अमोनियम मोजण्याच्या पट्ट्या, असे जेल आणि एक टॉर्च याच करारात घ्या. एवढे साहित्य हाती आले की जिल्हा रुग्णालयातली संसर्ग नियंत्रण परिचारिका रोज दहा मिनिटांत वॉर्डाची खरी अवस्था सांगू शकते. एटीपी मोजणारी महागडी यंत्रे आधी घेऊ नका. ती सेंद्रिय मळ मोजतात, जंतू मोजत नाहीत, आणि उरलेल्या जंतुनाशकाने त्यांचे आकडे बिघडतात.

मला ठाऊक आहे की या मागण्यांवर पहिला आक्षेप खर्चाचा येईल आणि दुसरा लहान उत्पादकांचा. राज्यात फिनाईल आणि हायपो बनवणारे शेकडो छोटे उद्योजक आहेत, त्यांना युरोपीय प्रयोगशाळेतला अहवाल परवडणार नाही. त्यांना तिकडे पाठवूही नका. एनएबीएल मान्यता असलेल्या भारतीय प्रयोगशाळांना या पृष्ठभाग चाचण्या त्यांच्या मान्यतेच्या कक्षेत घ्यायला सांगा, त्यासाठी एका वर्षाची मुदत द्या आणि दरम्यान परळच्या हाफकिन संस्थेत व दोन-तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही क्षमता उभी करा. निविदेत अट आली की प्रयोगशाळा आपोआप तयारी करतील. चांगले बनवणाऱ्या छोट्या उत्पादकाला याचा फायदाच होईल, कारण आज तो पाणी घालून स्वस्त विकणाऱ्याशी दराच्या मैदानात हरतो.

नमुना पुरवठादाराने निवडून पाठवू नये. पुरवठा झालेल्या साठ्यातून, सीलबंद कॅनमधून, आपल्या माणसाने काढावा. त्याची पडताळणी महाराष्ट्रातल्या पाण्याने व्हावी आणि ज्या फडक्याबरोबर ते वापरायचे आहे त्याच फडक्यावर व्हावी. अहवाल संपूर्ण मागावा. त्यात कोणते जंतू घेतले, सुरुवातीला वाळवल्यावर किती मोजले, कोणते उदासिनीकरण केले आणि ते पुरेसे होते याचा पुरावा काय, पाण्याने केलेल्या तुलनेचा आकडा किती, हे सगळे असावे. एकपानी प्रमाणपत्र स्वीकारू नये. अहवाल प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकले तर माझ्यासारखे पुष्कळ जण ते वाचून चुका दाखवायला विनामोबदला तयार होतील.

भारतीय मानक ब्यूरोनेही या विषयावर नवे मानक करावे असे मला वाटते, पण त्याला वेळ लागेल आणि आपल्याला त्याची वाट पाहण्याची गरज नाही. खरेदीची विनिर्देशने ठरवण्याचा अधिकार आज आपल्या हातात आहे. पृष्ठभाग जंतुनाशकांच्या येत्या निविदेचा मसुदा काढाल तेव्हा त्यात पृष्ठभागावरील चाचणी, लॉग घट, ५ मिनिटांची कमाल आणि उदासिनीकरणाचा पुरावा या अटी घाला आणि तो मसुदा अंतिम करण्याआधी किमान महिनाभर सूचना-हरकतींसाठी खुला ठेवा. राज्यातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकांनी, परिचारिकांनी आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने त्या मसुद्यावर लेखी हरकती पाठवाव्यात, अशी त्यांनाही विनंती आहे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ